पडक्या वाड्याचा फोटो

आज आपण एकच उदाहरण घेऊ. लहान गावातला बंद वाडा. पोपडे सुटलेली भिंत, रिकामा कोनाडा, कडीपाटाच्या फटीतून उतरणारं ऊन. आपला हात मोबाइलकडे जातोच. का बरं?

आलोइस रीगल या व्हिएन्नाच्या कलाइतिहासकाराने १९०३ साली जुन्या वास्तूंच्या मूल्यांची फोड केली. त्यातली दोन बघा. ऐतिहासिक मूल्य म्हणतं, झीज थांबवा. वयोमूल्याला मात्र झीजच हवी, कारण तिच्यातून काळ दिसतो. आणि तो दिसायला इतिहास शिकावा लागत नाही. आपला फोटो या दुसऱ्या मूल्याच्या बाजूचा.

पण कौल फुटलं की पाणी भिंतीच्या माथ्यातून आत शिरतं, माती भिजते, भिंतीतलं तुळईचं टोक कुजतं. आपल्याला देखणी वाटणारी चीर म्हणजे त्या घराचं दुखणं.

आम्हीही आजोळच्या वाड्याचे असे फोटो काढले. कौलं बदलायची राहिली. पुढच्याच पावसाळ्यात माजघराची भिंत बसली. फोटो आजही सुंदर दिसतात.

मग आम्ही नेमकं काय जपलं? फोटो काढू नये असं नाही. पण आधी मान वर करून छप्पर बघावं. बाकी प्रश्नोत्तरांत बोलू.