झाकणामागचे आकडे: जुन्या पोर्शेची खूण तुमच्या धंद्यात कशी वापराल?



व्हिडिओमध्ये पोर्शे ३५६ चा उल्लेख घाईत झाला, म्हणून ती गोष्ट इथे नीट सांगतो. गाडी करोडपतींची असली, तरी तिच्यातून घ्यायची सवय जवळजवळ फुकट आहे.

१९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात या गाडीची सुरुवात झाली. १९५० पासून काम जर्मनीत, श्टुटगार्टला आलं. तिथे बॉडी बनवून द्यायची ती रॉयटर नावाची फर्म. १९६५ पर्यंत सुमारे ७६ हजार गाड्या बनल्या.

आज कोणी अशी गाडी रिस्टोअर करायला घेतली, की जुन्या रंगाचे थर काढताना झाकणांच्या आतल्या बाजूला दोन-तीन आकडे ठोकलेले दिसतात. हे त्या गाडीच्या चासी नंबरचे शेवटचे आकडे असतात.

हे आकडे कशासाठी?

त्या काळी बॉडीची फिटिंग बरीचशी हाताने व्हायची. कारागीर झाकण बसवून बघायचा, फट एकसारखी येईपर्यंत कडेला शिसं-कथिल भरायचा आणि कानस मारायचा. म्हणजे झाकण त्या एकाच गाडीच्या मापाचं व्हायचं. पुढच्या कामात भाग सुटे झाले की अदलाबदलीची भीती. म्हणून आकडा ठोकायचा. आपला धोबी कपड्याच्या आत शाईने खूण करतो ना, अगदी तसंच.

गिऱ्हाईकाला दाखवायला ही खूण नव्हतीच. ती होती कारागिराच्या सोयीसाठी.

आज तीच खूण पुरावा झाली

झाकणाचा आकडा चासी नंबरशी जुळला, तर झाकण मूळचं असण्याचा भक्कम पुरावा मिळतो. नाही जुळला, तर मधे कधीतरी ते बदललं असणार, कदाचित अपघातानंतर. झाकण बदलणं हा गुन्हा नाही. पण बदललेलं झाकण मूळचं म्हणून विकणं ही फसवणूक आहे. मूळ भागांच्या गाडीला भाव जास्त, त्यामुळे खोटे आकडे ठोकणारेही भेटतात. म्हणून जाणकार खरेदीदार आकड्यांची ठेवण बघतो आणि कंपनीच्या जुन्या नोंदीही तपासतो. प्रत्येक गाडीच्या इंजिन नंबरची आणि रंगाची नोंद कंपनीने 'कार्डेक्स' नावाच्या कार्डावर ठेवली होती.

लक्षात घ्या, नुसत्या खुणेवर कोणी विश्वास ठेवत नाही. खूण आणि नोंद एकमेकांशी जुळली, तरच विश्वास बसतो.

आणि एक धोका. गॅरेजमधल्या पोराने घाईत त्या जागेवर ग्राइंडर फिरवला, तर एका मिनिटात पुरावा कायमचा गेला. म्हणून चांगला रिस्टोअरर आधी फोटो काढतो, मगच हत्यार उचलतो.

आता तुमच्या धंद्याकडे वळू

समजा, तुम्ही मसाले विकता. दिवाळीत ५०० पाकिटं गेली आणि एका ताईंची तक्रार आली, "भाऊ, मसाल्याला कुबट वास येतोय." पाकिटावर बॅच नंबर नसेल, तर पाचशेच्या पाचशे पाकिटांवर संशय. नंबर असेल, तर फक्त त्या दिवशीची ४० पाकिटं परत मागवायची. बाकी माल सुरक्षित, आणि नावही. तसंही पॅकबंद खाद्यपदार्थांवर बॅच नंबर टाकणं आपल्याकडे कायद्याने बंधनकारक आहे.

उद्यापासून एवढं करा:

१. प्रत्येक नगावर किंवा बॅचवर तारीख आणि अनुक्रमांक टाका. फर्निचर असेल तर खालच्या बाजूला, शिवणकाम असेल तर आतल्या शिलाईत.

२. एक साधी वही घाला. कच्चा माल कोणाकडून आला, काम कोणी केलं, माल कोणाला गेला, एवढं लिहिलं तरी पुरे.

३. रिपेअरिंगचा धंदा असेल, तर वस्तू उघडण्याआधी गिऱ्हाईकासमोर फोटो काढा. कोणता पार्ट बदलला ते बिलावर स्पष्ट लिहा.

४. जुनी खूण कधीही खोडू नका. खोटी तर मुळीच टाकू नका.

खर्च किती? एक मार्कर आणि एक वही. श्टुटगार्टच्या त्या कारागिराने आकडा ठोकला तो पुढच्या टप्प्यावरच्या माणसाचा गोंधळ होऊ नये म्हणून. आज त्याच आकड्यावरून त्याचं काम ओळखलं जातं.

तुमच्या मालावर तुम्ही कोणती खूण टाकता? आज रात्री दुकान बंद करण्याआधी वहीचं पहिलं पान लिहूनच टाका!