मानसोपचार आणि भाषा : ‘वाटते’ व ‘पाहिजे’ यांचा विचार

मनाच्या व्यथांवरील ज्या आधुनिक उपचारपद्धती आहेत, त्यांत औषधे वगळली तर उपचारकाच्या हाती उरणारे प्रमुख साधन म्हणजे भाषा होय. रुग्ण बोलतो, उपचारक ऐकतो, प्रश्न विचारतो. निदान आणि उपचार ही दोन्ही बहुतांशी या संवादातूनच घडतात. तथापि या पद्धतींची सिद्धांतरचना प्रामुख्याने जर्मन व इंग्रजी भाषांच्या आश्रयाने झाली. मराठी बोलणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत त्या योजावयाच्या तर पारिभाषिक शब्दांचे केवळ भाषांतर पुरेसे होईल काय, हा प्रश्न म्हणूनच मानसशास्त्राइतकाच भाषाशास्त्राचाही ठरतो.

संवादाने उपचार करण्याच्या आधुनिक परंपरेचा आरंभ व्हिएन्ना येथील वैद्य योझेफ ब्रॉयर यांच्या एका रुग्णापासून मानला जातो. ‘आना ओ.’ या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या बेर्था पापेनहाइम यांच्यावर ब्रॉयर यांनी १८८० ते १८८२ या काळात उपचार केले. आजारात काही काळ त्यांना आपली मातृभाषा जर्मन बोलता येईना. त्या इंग्रजीतच बोलत. ‘बोलण्याचा उपचार’ हे नावही त्यांनीच, आणि तेही इंग्रजीत, दिले. १८९५ मध्ये ब्रॉयर व सिग्मंड फ्रॉइड यांनी हिस्टीरियावरील आपल्या ग्रंथात हा वृत्तान्त प्रसिद्ध केला. उपचार थांबल्यावर १८८२ मध्येच पापेनहाइम यांना स्वित्झर्लंडमधील आरोग्यधामात राहावे लागले होते, हे पुढे उपलब्ध झालेल्या कागदपत्रांवरून दिसून आले. तरीही त्या वृत्तान्तातून निघालेल्या मनोविश्लेषणाने एक दृष्टी रूढ केली : रुग्णाचे शब्द हा एक पडदा असून खरा अर्थ त्याच्या आड दडलेला असतो.

याच्या अगदी उलट भूमिका वर्तनवाद्यांनी घेतली. भीती ही शिकलेली प्रतिक्रिया असेल, तर ती विसरवताही येईल, असा त्यांचा युक्तिवाद होता. मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सशाला भिणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलास आवडीचे खाद्य देत असता ससा क्रमाक्रमाने जवळ आणला आणि त्याची भीती ओसरली. १९५८ मध्ये जोसेफ वोल्पे यांनी याच तत्त्वास प्रौढांसाठी पद्धतशीर रूप दिले. या पद्धतीत रुग्णाच्या शब्दांचा अर्थ उकलीत बसण्याचे कारण उरले नाही.

तिसरी दृष्टी भाषेच्या अभ्यासकास सर्वांत निकटची आहे. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास व एरन बेक यांनी १९६० नंतरच्या दशकात मनोविश्लेषणाची वाट सोडून नवा मार्ग धरला. माणूस घटनेने नव्हे, तर घटनेविषयीच्या स्वतःच्या मताने अस्वस्थ होतो, हे ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्टेटस याचे मत एलिस यांनी उपचाराचा पाया केले. माणूस मनाशी काही वाक्ये उच्चारीत असतो, आणि त्या वाक्यांतूनच त्याची भावना आकार घेते. तेव्हा वाक्य पडताळून बदलता आले, तर भावनाही बदलू शकते. मराठी वाचकांस कि. मो. फडके यांच्या लेखनातून ही पद्धती ‘विवेकनिष्ठ’ या विशेषणाने परिचित आहे.

आता या पद्धतीतील दोन मूलभूत भेद मराठीत कसे उतरतात ते पाहू. पहिला भेद विचार आणि भावना यांमधील. बेक यांच्या पद्धतीत रुग्णाने या दोहोंची नोंद वेगवेगळ्या रकान्यांत करावयाची असते. मराठीत मात्र ‘वाटणे’ हे एकच क्रियापद दोन्ही कामे करते. ‘मला भीती वाटते’ ही भावना. ‘मला वाटते, मी कोणालाच नको आहे’ हा विचार. येथे वाक्यरचना साहाय्यास येते. ‘वाटते’ याच्या जोडीस भीती, लाज, वाईट, एकटे असे नाम वा विशेषण असेल तर बहुधा भावना सांगितलेली असते; संपूर्ण उपवाक्य असेल तर मत सांगितलेले असते. सर्वांत सावध राहावयाचे ते ‘-सारखे वाटते’ या रचनेविषयी. ‘टाकून दिल्यासारखे वाटते’ असे म्हणणारा भावना सांगत आहे असे भासते. परंतु ‘लोकांनी मला टाकून दिले आहे’ हे पडताळून पाहण्याजोगे विधान त्या भावनेच्या पोटात दडलेले असते.

दुसरा भेद इच्छा आणि हट्ट यांमधील. एलिस यांच्या मते यशाची इच्छा निरोगी असते. यश मिळालेच पाहिजे हा अट्टहास व्यथेचे मूळ होतो. इंग्रजीत या दोहोंसाठी भिन्न क्रियापदे आहेत. मराठीत ‘मला चहा पाहिजे’ यात इच्छा आहे, तर ‘मुलाने माझे ऐकले पाहिजे’ यात सक्ती. शब्द मात्र एकच. ‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ या धातूचे जुने कर्मणी रूप. जे पाहिले जाते, शोधले जाते, ते ‘पाहिजे’. इच्छेचा शब्द पुढे कर्तव्याचाही झाला. म्हणून पाठ्यपुस्तकातील इंग्रजी शब्दाऐवजी ‘पाहिजे’ योजून रुग्णाचे बोलणे तपासू लागल्यास साध्या इच्छेवरही हट्टाचा आरोप होण्याचा संभव आहे. मराठीत हट्ट बहुधा ‘च’ या अव्ययात वसतो, आणि त्याच्या स्थानानुसार हट्टाचे स्वरूपही पालटते. ‘मला पहिला क्रमांक मिळालाच पाहिजे’ यात अपयशास जागा नाही. ‘मलाच पहिला क्रमांक मिळाला पाहिजे’ यात दुसऱ्यास जागा नाही. अर्थात ‘मी आजच निघतो’ यातील ‘च’ निरुपद्रवी आहे.

एक तिसरे उदाहरणही बोधप्रद आहे. ‘असणे’ या अर्थाच्या क्रियापदामुळे माणूस स्वतःवर कायमचा शिक्का मारतो, या समजुतीने एलिस व हार्पर यांनी १९७५ मध्ये आपल्या एका ग्रंथाची सुधारित आवृत्ती ते क्रियापद सर्वस्वी टाळून लिहिली. मराठीत ‘मी अगदी नालायक’ हे वाक्य क्रियापदावाचूनच पूर्ण होते. टाळावयास तेथे क्रियापदच नाही. शिक्का मात्र तसाच राहतो.

यावरून भाषेची रचना मनाची रचना ठरविते, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. ‘मला राग आला’ या वाक्यात क्रियापद ‘राग’ या शब्दाप्रमाणे चालते, म्हणून मराठी माणूस आपल्या रागाची जबाबदारी घेत नाही असे म्हणता येणार नाही. ‘मला भूक लागली’ याचीही रचना तशीच आहे, आणि ‘मी रागावलो’ हा पर्याय भाषेत उपलब्ध आहेच. व्याकरण मनाचे निदान करीत नाही; कोठे अधिक विचारपूस करावी, एवढेच ते सुचविते.

म्हणूनच शब्द हेरण्यापेक्षा प्रश्न विचारणे अधिक श्रेयस्कर. ‘ते मिळाले नाही, तर काय होईल?’ या साध्या प्रश्नाने इच्छा आणि हट्ट यांचा उलगडा पुष्कळदा होतो. ‘वाईट वाटेल, पुन्हा प्रयत्न करीन’ असे उत्तर आले, तर ‘पाहिजे’ इच्छेचे होते. ‘मग जगण्यात अर्थ नाही’ असे उत्तर आले, तर वाक्यरचनेची चर्चा बाजूस ठेवून त्या व्यक्तीस तत्काळ तज्ज्ञांचे साहाय्य मिळवून देणे हे पहिले कर्तव्य होय. उपचारकास रुग्णाची भाषा नुसती समजून भागत नाही. ती ज्या बारकाव्यांनी बोलली जाते, त्याच बारकाव्यांनी ऐकता आली पाहिजे.