रानडुकराची सवय ओळखा, पीक वाचवा. तारेत थेट करंट मात्र सोडू नका

लोहारा (यवतमाळ) : पेरणी झाली की बियाणं उकरणार, हरभरा घाट्यावर आला की लोळून सपाट करणार. रानडुकराचा हा त्रास आपल्या भागातल्या शेतकऱ्याला नवा नाही. पण हे जनावर वागतं कसं, हे कळलं तर राखण थोडी सोपी होते.

रानडुकराची नजर कमजोर, पण नाक फार तेज. जमिनीखालचा भुईमूग अन् ओलं बियाणं ते वासावर शोधतं आणि थुतरीनं माती उकरतं. खातं थोडं, तुडवून नासाडी जास्त करतं. माद्या आणि पिल्लं कळपानं फिरतात, मोठा नर बहुतेक एकटा असतो. दिवसा नाल्यातल्या झुडपात नाहीतर उभ्या तुरीत दडून राहायचं, अंधार पडला की बाहेर निघायचं. मादी चारेक महिन्यांत विते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं देते. वाघ-बिबट नसलेल्या शिवारात म्हणूनच कळप लवकर वाढतो.

येण्याजाण्याची वाट शक्यतो ठरलेली असते. धुऱ्यावर खुरांचे ठसे, नाल्यात लोळल्याचा चिखल, कुंपणाखाली उकरलेली जागा दिसली की समजायचं, वाट हीच. जागल तिथंच करा. धुऱ्यालगतची झुडपं साफ ठेवा, म्हणजे दडायला जागा राहत नाही.

झटका मशीन लावत असाल तर पहिली तार जमिनीपासून वीतभरच वर ठेवा, कारण डुक्कर उडी मारण्याऐवजी खालून घुसतं. गवत तारेला टेकलं की झटका कमी होतो, ते कापत राहा. हे मशीन बॅटरीवर थांबून थांबून क्षणभराचा झटका देतं. जनावर भितं, मरत नाही.

काही जण मात्र खांबावरून आकडा टाकून थेट करंट सोडतात. त्यात रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारी, मजूर, कधी घरचाच माणूस जातो. मग वीजचोरीसोबत सदोष मनुष्यवधाचाही गुन्हा लागू शकतो. विनापरवानगी डुक्कर मारणं हाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हाच आहे. एकरभर हरभऱ्यापायी जीव अन् जेल, हा हिशेब बसत नाही.

नुकसान झालं तर गप्प बसू नका. शेत आवरण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. तीन दिवसांच्या आत वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्या; सोबत सातबारा, आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स जोडा. अर्जाची पोच घ्या. पंचनाम्याला स्वतः हजर राहा. पीक विम्यातही वन्यप्राण्यांचं नुकसान खरीप 2026 पासून धरण्याचं केंद्रानं नोव्हेंबर 2025 मध्ये जाहीर केलं. त्यासाठी 72 तासांत ॲपवर माहिती द्यावी लागेल. आपला जिल्हा आणि पीक त्यात आहे का, हे विमा भरतानाच कृषी सहायकाला विचारून घ्या.