मोठ्यांनी लेगो घेताना आधी पाया मोजा

लेगोचा संच घेताना बहुतेक जण खोक्यावरचा तुकड्यांचा आकडा बघतात. मी म्हणेन, आधी सेंटिमीटर बघा. ताजमहालच घ्या. 2008 चा संच 5,922 तुकड्यांचा. 2017 मध्ये पुन्हा आला तेव्हा 5,923. रुंदी 51 सेंटिमीटर, खोली 41. येरवड्यातल्या टू बीएचकेमध्ये एवढी जागा कायमची अडवणं अवघड, शिवाय नगर रोडची धूळ नक्षीच्या खाचाखाचांत बसते, ती मऊ ब्रशनेच निघते. 2021 चा ताजमहाल 2,022 तुकड्यांचा, साधारण 23 सेंटिमीटर रुंद. पुस्तकांच्या कपाटात मावतो. बांधण्याचा आनंद मात्र मोठ्यात कितीतरी जास्त, हे खरंच.

माझी पसंती 2,000 ते 4,000 तुकड्यांना. 2007 च्या कॅफे कॉर्नरपासून आलेल्या मॉड्युलर इमारती बघा. बहुतेकींचा पाया 32 बाय 32 बटणांचा. एका बटणाला 8 मिलिमीटर, म्हणजे बाजू 25.6 सेंटिमीटर. मजले सुटे उचलता येतात, त्यामुळे काम अर्ध्यावर ठेवणं सोपं. 1892 च्या आपल्या आगाखान पॅलेसच्या कमानी स्वतः रचून बघायलाही हा पाया उत्तम. येरवडा, कल्याणीनगर भागात कुणी तसं केलं असेल, तर मापासकट फोटो टाका!