सोन्याच्या वर्खावरचे पक्षी

मोराचे पीस हातात घेऊन तुम्ही उन्हात फिरवले असेलच. क्षणात निळे, क्षणात हिरवे, तर कधी नुसतेच काळपट! आता समजा, या पिसाचे चित्र काढायचे आहे. रंगपेटीतला कोणता रंग घ्याल?

हाच पेच लंडनच्या जॉन गूल्ड (१८०४–१८८१) यांच्यापुढे पडला होता. त्यांचा विषय होता हमिंगबर्ड, म्हणजे गुंजन पक्षी. हे इवलेसे पक्षी फक्त अमेरिका खंडांतच आढळतात. त्यांच्यावरचा गूल्ड यांचा पाच खंडांचा ग्रंथ १८४९ ते १८६१ या काळात प्रसिद्ध झाला. त्यात ३६० चित्रे आहेत.

ही चित्रे छापली कशी? गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढत. मग दगड ओला करून त्यावर तेलकट शाईचा रूळ फिरवत. ओल्या भागावर शाई बसत नाही. खडूच्या रेघा मात्र ती धरून ठेवतात. त्यावर कागद दाबला की काळे चित्र उमटे. पुढे प्रत्येक प्रतीत हाताने रंग भरावे लागत.

पण गळ्यावरची ती झळाळी? त्यासाठी सोन्याचा पातळ वर्ख लावून त्यावर पारदर्शक रंग चढवले गेले. प्रकाश रंगातून आत जातो, वर्खावरून परावर्तित होतो आणि पुन्हा रंगातून बाहेर येतो. पान कलते केले की पक्षी चमकतो!

खऱ्या पिसात सोने नसते, आणि हिरवे किंवा निळे रंगद्रव्यही नसते. असतात त्या मेलॅनिन या काळपट द्रव्याच्या अतिसूक्ष्म चकत्या. त्यांच्यात हवेच्या पोकळ्या असून त्या थरांवर थर रचलेल्या असतात. निरनिराळ्या थरांवरून परतलेले प्रकाशतरंग एकत्र येतात, तेव्हा काही रंग प्रबळ होतात, तर काही नाहीसे होतात. यालाच व्यतिकरण म्हणतात. साबणाच्या फुग्यावरचे रंगही असेच निर्माण होतात. पाहण्याचा कोन बदलला की रंगही बदलतो. वर्खाची युक्ती मात्र येथे थिटी पडते : चमक बदलते, रंग तोच राहतो.

दुसरी उणीव याहून मोठी होती. चित्रे काढली गेली ती मुख्यतः मारून वाळवलेल्या पक्ष्यांवरून. गूल्ड यांनी जिवंत गुंजन पक्षी प्रथम पाहिला तो १८५७ साली, अमेरिकेत. तोवर ग्रंथाचे बरेच भाग छापून झाले होते! पिसांचा रंग आणि चोचीची लांबी मृत पक्षी सांगतो. उडण्याची ढब सांगत नाही. शिवाय काही गुंजन पक्षी सेकंदाला सुमारे ५० वेळा पंख हलवतात. ती हालचाल डोळ्यांना टिपता येत नाही. १९३० नंतर हॅरॉल्ड एजर्टन यांच्या क्षणदीप्तीच्या छायाचित्रणाने ती स्थिर करून दाखवली.

मग ही जुनी चित्रे खोटी म्हणायची का? नाही. कोणत्या पुराव्यावरून ती काढली, हे ध्यानात ठेवून ती वाचायची. विज्ञानातल्या प्रत्येक चित्राला हा नियम लागू आहे.

तुमच्या अंगणातल्या जास्वंदीवर शिंजीर येत असेल. तो गुंजन पक्षी नव्हे, पण नराची चकाकी अशाच सूक्ष्म रचनेतून येते. सकाळच्या उन्हात त्याला दोन-तीन बाजूंनी पाहा, आणि प्रत्येक वेळी दिसलेला रंग वहीत नोंदवा. बघा, किती रंग जमतात ते!