हेमाडपंत, थ्युसिडिडीस आणि म्हाइंभट

यवतमाळजवळच्या लोहाऱ्यात कमलेश्वराचं हेमाडपंती देऊळ आहे. ‘हेमाडपंती’ म्हटलं, की ते हेमाडपंतानेच बांधलं असं आपण धरून चालतो. हेमाडपंत, म्हणजेच हेमाद्री, हा 13व्या शतकातला, महादेव आणि रामदेवराव यादवांचा मंत्री. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. त्यावरचा लेख मात्र 1060 सालचा, म्हणजे हेमाद्रीच्या दोनशे वर्षं आधीचा. अनेक पिढ्यांच्या पाथरवटांचं काम एका नावावर जमा झालं, कारण गोष्टीला एक कर्ता लागतो.

ग्रीक-रोमन इतिहासकारांनी घडलं तसंच्या तसं टिपलं, हाही असाच समज. अथेन्स-स्पार्टा युद्धाच्या पहिल्या वर्षी पडलेल्या अथेन्सच्या सैनिकांसाठी त्यांचा नेता पेरिक्लीस याने केलेलं भाषण आपण त्याचेच शब्द समजून वाचतो. प्रत्यक्षात ते लिहून ठेवणारा ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीस ग्रंथाच्या आरंभीच कबूल करतो, की भाषणं शब्दशः लक्षात ठेवणं अवघड होतं. एकूण आशय धरून, त्या प्रसंगी जे बोलणं उचित ठरलं असतं ते त्याने लिहिलं. रोमन इतिहासकार टॅसिटसने तर रोमच्या शत्रूच्या, कॅल्गाकसच्या तोंडी रोमवरची जळजळीत टीका घातली, आणि समोरचा रोमन सेनापती टॅसिटसचा स्वतःचा सासरा होता!

मग सगळंच रचलेलं? तसंही नाही. एकाच प्रसंगाचे साक्षीदार वेगवेगळं सांगतात हे ओळखून थ्युसिडिडीस त्यांचं म्हणणं पडताळत होता. रोमवर चालून आलेल्या हॅनिबलची वाट समजून घ्यायला इतिहासकार पॉलिबियस स्वतः आल्प्स ओलांडून गेला. मांडणी लेखकाची असली, तरी तिच्याखाली शोध होता.

आपल्याकडे अशी चौकसबुद्धी नव्हती, हा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो. यवतमाळशेजारच्याच अमरावती जिल्ह्यात महानुभाव पंथाचं रिद्धपूर आहे. पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी गोळा करायला त्यांचा अनुयायी म्हाइंभट 1278च्या सुमारास, ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं त्यांच्याकडे गेला. ऐकलेल्या लीळा, म्हणजे या आठवणी, त्याने स्वामींचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून तपासून घेतल्या. त्यातून रिद्धपुरातच ‘लीळाचरित्र’ झालं. पुढे मूळ पोथी हरवली, तेव्हा अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. जिथे आठवणी जुळल्या नाहीत, तिथे त्यांनी एकच सोयीची गोष्ट बनवली नाही. अनुयायांपैकी हिराइसा काय सांगते, दुसरा काय सांगतो, ते वेगवेगळे पाठ ‘वासना’ म्हणून सांगणाऱ्याच्या नावासह पोथीत राहू दिले.