धंद्याचा ताण: उतरतोय की साचतोय?



धंदा म्हटला की ताण आलाच. वागळे इस्टेटमधलं छोटं वर्कशॉप असो की डोंबिवलीत घरून चालणारा फराळाचा व्यवसाय, ऑर्डर वेळेत द्यायची तर धावपळ होणारच. मग काळजी करायची कधी?

आधी ताण म्हणजे काय ते बघू. संकट जाणवलं की शरीर अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरकं सोडतं. छाती धडधडते, स्नायू ताठ होतात, अंगात जोर येतो. हान्स सेली या शास्त्रज्ञाने 1936 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलं, की त्रास कुठलाही असो, शरीर सुरुवातीला सावध होतं, मग तग धरतं आणि त्रास लांबलाच तर थकून जातं.

म्हणजे दिवाळीच्या आठवड्यातला ताण वाईट नाही. माल गेला, पैसे आले, की तो उतरला पाहिजे. उतरत नसेल तर या चार ठिकाणी बघा:

शरीर: झोप न लागणं, मान-डोकं दुखणं, सतत पित्त.
मन: चिडचिड, विसरभोळेपणा, साधा निर्णयही न होणं.
वागणं: जेवण चुकणं, चहा-सिगारेट वाढणं, घरच्यांशी बोलणं टाळणं.
धंदा: सप्लायरचा फोन न उचलणं, हिशेबाची वही न उघडणं, 20 तारीख आली तरी जीएसटी रिटर्न पुढे ढकलणं.

चौथं लक्षण सगळ्यात फसवं. आपण त्याला आळस म्हणतो आणि स्वतःलाच शिव्या घालतो. पण पुष्कळदा ती भीती असते. आकडा बघायची भीती! आणि टाळल्याने आकडा कमी होत नाही. वर लेट फी आणि व्याज चढतं, म्हणजे ताण आणखी वाढतो.

म्हणून देणं किती, कुणाचं, कधीपर्यंत, हे एका कागदावर लिहा आणि घरात एकाला तरी दाखवा. सप्लायरला स्वतःहून फोन करून तारीख मागा.

लक्षणं दोन आठवडे टिकली, तर मदत घ्या. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये सुरू केलेली आयपीएच ही संस्था आहे. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर, 14416 वर, मराठीतही बोलता येतं. सेवा मोफत आणि चोवीस तास. जगणं नकोसं वाटत असेल तर दोन आठवडे थांबू नका, लगेच फोन करा. आणि छातीत दुखलं तर "टेन्शन असेल" म्हणून बसू नका, थेट दवाखाना गाठा.

आज दुकान बंद केल्यावर एवढंच करा: वही उघडा.